रक्षाविसर्जनाची वेळ

आमच्या कोल्हापुरात केबलवरच्या बातम्यांपेक्षा जास्त बघितली जायची ती खालून सरकणारी पट्टी. कोण वारलं, रक्षाविसर्जन कधी. लोक जेवता जेवता ती वाचायचे आणि सकाळी पंचगंगेच्या घाटावर हजर व्हायचे. नव्वदच्या दशकात आमची केबल कंपनी दोन खोल्यांत होती आणि ती पट्टी मी टाइप करायचे.

मग शहरात दुसरी केबल कंपनी आली. रातोरात एकमेकांच्या वायरी तोडायच्या आणि त्या गल्लीत आपली टाकायची, असा धंदा सुरू झाला. गिऱ्हाइकाला कोण विचारतो?

त्यातच माझे वडील गेले. स्मशानातून निघताना धाकट्या चुलत्यांनी विचारलं, "रक्षा कवा हाय?" वेळ ठरायची होती. मी म्हणाले, "चॅनेलवर येईल की काका." तेव्हा सगळेच असं सांगायचे, घरोघरी फोन कुठे होते?

वेळ ठरली, मीच पट्टीवर टाकली. नेमकी त्याच संध्याकाळी काकांच्या गल्लीतली आमची वायर तुटली. ते पडद्यावरच्या मुंग्या बघत बसले. सकाळी आम्ही घाटावर बराच वेळ थांबलो, शेवटी उरकून घेतलं. अंदाजानं ते आले तेव्हा रक्षा पाण्यात गेली होती.

"सख्ख्या भावाच्या रक्षेला मी पावणा व्हय?" एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, वायरीचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "आमी एकटंच गावलो व्हय तोडायला?" काका जरा निवळले. "तुझ्या चॅनेलवर तसं येऊ दे. मग मानतो. चार माणसांत माझी मान खाली गेलीया."

मी मालकांना एक ओळ मागितली: अमुक भागात प्रक्षेपण बंद होतं, दिलगीर आहोत. ते हसले. "ताई, बंद होतं म्हणून आपणच सांगायचं? उद्या जाहिरातवाले पलीकडं जातील." पट्टीवर ओळ आली, पण ती अशी: आमचे प्रक्षेपण अखंड सुरू आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये. टाइप करायला मीच होते. तोवर काकांची वायर जोडून झाली होती. त्यांनी ती वाचली.

त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. आई दर दिवाळीला फराळ पाठवायची. डबा न उघडता परत यायचा.

कंपनी मात्र वाढली. नवी इमारत झाली, पुढं रेडिओ स्टेशन आलं. भांडणाऱ्या दोन्ही कंपन्या एक झाल्या, मालकांनी एकमेकांना पेढे भरवले. ते चित्रण आम्ही दिवसभर दाखवलं. माझा पगारही वाढला. नोकरी सोडायची चैन मला परवडणारी नव्हती.

काही वर्षांनी चुलतभावानं मजकूर माणसाकरवी पाठवला. काका गेले होते. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडं. वहिनी नाही, पुतणी नाही. गिऱ्हाइकाच्या मजकुरात आपल्याला शब्द घालता येत नाही. आला तसा टाइप केला, रक्षाविसर्जनाची वेळ दोनदा तपासली आणि पट्टीवर सोडला.

घरी आले तर आईनं टीव्ही बंद करून ठेवला होता. सकाळी आम्ही दोघी घरीच होतो.