भाऊजींनी विकलेलं मिनिट

बॉक्सिंगचे सामने भरवणारे लोक जगात पुष्कळ असतील, पण रिंगमध्ये कोणी खाली पडू नये म्हणून मारुतीला नारळ कबूल करणारा माणूस एकच, आणि तो आमच्या घरात आहे. माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते, बाकी सगळं रायपूर भैया म्हणतं. दोघं एकमेकांना ठोसे हाणत असतात, सगळा हॉल ‘गिरा दे, गिरा दे’ करून डोक्यावर घेतलेला असतो, आणि त्या गर्दीत हा एकटा माणूस रुमालाचा बोळा तोंडाशी धरून पुटपुटत असतो, “उभा राय बापा, उभा राय.” नवख्याला वाटावं, काय कोमल अंतःकरण. आता अंतःकरण कोमल आहेच, मी नाही म्हणत नाही, पण त्याच्यामागे धंद्याचं गणित आहे, आणि ते माझ्या डोक्यात शिरायला फार दिवस लागले.

आमच्या नातेवाइकांना अजून वाटतं की टीव्हीवाले भाऊजींना पैसे देतात. अहो, उलटं आहे सगळं. रविवार संध्याकाळची वेळ भाऊजीच चॅनलकडून भाड्याने घेतात, आपण लग्नाला कार्यालय घेतो ना, तसं. मग त्या वेळात जाहिराती विकायच्या आणि त्यातून भाडं, रिंग, डॉक्टर, खेळणाऱ्यांचं मानधन सगळं काढायचं. आणि जाहिरात लागते कधी? दोन राउंडच्या मध्ये, खेळणारे स्टुलावर बसून पाणी पितात तेव्हा. म्हणजे मारामारी फुकट, विकायचं ते विश्रांतीचं मिनिट. सामना पूर्ण सहा राउंड चालला तर सगळ्या जाहिराती लागतात. पहिल्याच राउंडात कोणी आडवा झाला की लोक टाळ्या पिटत घरी जातात, आणि भाऊजी न लागलेल्या जाहिरातींचं सुतक धरून बसतात. “वहिनी, पाहुणे जेवले का तुमचं काम होते,” ते एकदा मला म्हणाले, “माह्यं काम पाहुणे आचवायले उठले का सुरू होते.”

म्हणून भाऊजी जोड्या अशा लावतात जशा आपण पत्रिका बघतो. वजन, उंची, हाताची लांबी तर पाहतातच, पण राग किती वेळ टिकतो, घरी भाऊ किती, हेही विचारून घेतात. दोघांतला एक जरा कमी वाटला तर महिनाभर त्याच्या घरी अंडी पोचवतील. भिलाईचा एक पोट्टा होता, म्हणे त्याचा डावा ठोसा बसला की माणूस उठतच नाही. दुसऱ्या कोणी त्याला डोक्यावर घेतलं असतं. भाऊजी त्याला बघून रस्ता बदलायचे. मी विचारलं, काहून हो, इतका चांगला खेळते तर? “म्हणूनच तर,” म्हणाले. “तो दोन मिनिटात सगळ्यायले घरी पाठवते. मंग मी दाखवू काय, खाली पडलेला माणूस?”

जाहिरात विकून विकून नजरच तशी झाली आहे. रिंगचे चारी खांब विकले, दोऱ्या विकल्या, बसायची स्टुलं विकली. कोरी जागा दिसली की यांचा जीव कासावीस होतो. माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू, आणि हे अंतरपाटाकडे टक लावून. मला हळूच म्हणतात, “एवढं पांढरं कापड, अख्ख्या मांडवाची नजर त्याच्यावर, आन एकदम कोरं.” जाऊबाईंनी तिथल्या तिथे चिमटा काढला. अक्षता टाकता टाकता मी भाऊजींच्या दंडावर वळ पाहिला आहे.

आणि प्रेक्षक! रायपूरमध्ये तिकीट काढून काही बघणं म्हणजे ओळखीपाळखीचा अपमान. गुपचुपच्या, म्हणजे आपल्या पाणीपुरीच्या गाडीवर दहा माणसांचे पैसे हसत देणारे लोक भाऊजींना सकाळी सात वाजता फोन करून पास मागतात. भाऊजी देतात, कारण रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर वाईट दिसतात. त्यातही कॅमेऱ्याला हॉलची एकच बाजू दिसते, म्हणून सगळ्यांना त्याच बाजूला दाटीवाटीने बसवायचं. दुसऱ्या बाजूला नुसते पंखे फिरत असतात. आमच्या महिला मंडळाला पहिली रांग, कारण पंडरी बाजारातला एक साडीवाला जाहिरात देतो आणि आम्ही रंगीत दिसतो. मला शेवटची खुर्ची मिळते, लाल कोपऱ्याच्या अगदी जवळ. लाल कोपरा बाहेरून येणाऱ्या खेळाडूचा, निळा आपल्याकडच्याचा.

आता त्या रविवारचं सांगते. त्याच्या आधी लागोपाठ तीन रविवार कोणी ना कोणी लवकर आडवं झालं होतं. सगळ्यात मोठी जाहिरात देणारे शेठ सरियावाले, म्हणजे इमारतीच्या लोखंडी सळयांचा त्यांचा कारखाना. त्यांनी भाऊजींना ऑफिसात बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, “भैया, हमारा सरिया पूरी बिल्डिंग खड़ी रखता है, और आपके लड़के छह राउंड खड़े नहीं रह पाते. देखने वाला क्या सोचेगा?” या वेळी सामना पूर्ण झाला नाही तर त्यांची जाहिरात बंद. ती बंद तर चॅनलचं भाडं नाही, आणि ती वेळ घ्यायला गुडघ्याच्या तेलाचा एक माणूस टपलेलाच होता. म्हणजे रायपूरचं बॉक्सिंग टीव्हीवरून खलास.

भाऊजींनी त्या दिवसासाठी पुरानी बस्तीतली आपली पोट्टी उभी केली. मराठी घरातली, पण बोलणार हिंदीच. हिला त्यांनी शाळेच्या मैदानावर पाहिलं तेव्हापासून तिचे बूट, तिचं दूध, तिच्या बापाची समजूत, सगळं हेच बघत आले. समोर हरियाणाची मुलगी, तोलामोलाची. आठवडाभर भाऊजी नुसत्या लिंबूपाण्यावर राहिले. कोणी घसरू नये म्हणून रिंग स्वतः पुसून घेतली. जाऊबाई म्हणाल्या, “माझ्या बाळंतपणात इतके घाबरले नव्हते.”

पहिला राउंड छान झाला. दुसऱ्यातही आपली पोट्टी भारी पडत होती. अगदी शेवटी तिला कानाजवळ एक ठोसा बसला. फार मोठा दिसला नाही, ती पडलीही नाही. घंटा झाली. हॉलमधल्या पडद्यावर सरियाची जाहिरात लागली, निम्मे लोक तिकडे बघू लागले, निम्मे चहाला उठले. आणि पोट्टी आपला निळा कोपरा सोडून चालत चालत लाल कोपऱ्यात आली, माझ्यासमोर. तिथल्या स्टुलावर बसली. हरियाणाच्या कोचसमोर तिने तोंड उघडलं, दातांवरचं रबर काढून घ्या म्हणून, जसं लहान मूल घासासाठी उघडतं.

तो कोच भला माणूस. त्याने रबर काढलं, पाणी पाजलं. मग डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर भाऊजींनी आणलेला, त्याने भाऊजींकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची भीती वाटली. चार राउंड बाकी होते. पोट्टी उभी राहू शकत होती, आपल्या पायांनी निळ्या कोपऱ्यात जाऊ शकत होती. भाऊजींनी तोंडाशी धरलेला रुमाल खाली पडला. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरले. बंद.

पण टीव्हीवर यातलं काही दिसलंच नाही. घरोघरी लोकांनी काय पाहिलं? आपली पोट्टी जिंकत होती, घंटा झाली, इमारती उभ्या राहिल्या, आणि जाहिरात संपली तेव्हा हरियाणाच्या मुलीचा हात वर होता. भैयाने सामना विकला, असं पाऱ्यापाऱ्यात, गल्लोगल्ली झालं. तिला शिकवणारे सर म्हणत फिरले, ती नुसती डोळे वटारायला तिकडे गेली होती. शेठनी जाहिरात काढून घेतली. पुढच्या रविवारपासून त्या वेळेला गुडघ्याचं तेल लागतं, आणि जाऊबाई ते बघतात, काय करणार.

भाऊजींनी पोट्टीचं डोकं मोठ्या दवाखान्यात तपासून घेतलं. सहा महिने रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही असं डॉक्टरकडून वदवून घेतलं, तिच्या बापाला सगळं सांगितलं. तिला मात्र नाही. तिला ते मिनिट आठवतच नाही. मी म्हटलं, मी पाहिलं आहे, मी सांगते तिले. तर म्हणाले, “नका सांगू वहिनी. माह्यावर चिडून राहिली तर उद्या जिद्दीनं येईल. सोताले भिऊन गेली तर पाऊलच नाही टाकणार.”

परवा ती आमच्या शंकर नगरच्या घरी आली, आईने पाठवलेले अनरसे घेऊन. भाऊजी चहा पीत बसले होते, तिचा आवाज ऐकताच कप घेऊन स्वयंपाकघरात शिरले. तिने मोबाइलवर टीव्हीतला तो सामना लावून माझ्यासमोर धरला. “काकू, आप तो सामने बैठी थीं. देखो, घंटी बजी और मैं खड़ी हूँ. खड़ी हूँ ना? फिर काहे रोका? भैया को मेरे से ज़्यादा क्या मिल गया?”

मी चष्मा लावून पाहिलं. “हव बाई,” मी म्हटलं. “उभीच आहेस.”

त्यावर ती बराच वेळ बोलत राहिली. भाऊजींच्या धंद्यापासून त्यांच्या टकलापर्यंत तिने काही शिल्लक ठेवलं नाही. मग चप्पल घातली, गेली. फाटक वाजलं तसे भाऊजी बाहेर आले. मला वाटलं विचारतील, माझ्याबद्दल काय म्हणत होती.

“वहिनी,” ते म्हणाले, “बोलताना अडखळत तर नव्हती ना?”

“नाही हो. एका दमात शिव्या देत होती तुम्हाले.”

“एका दमात?”

“मधे श्वास बी नाही घेतला.”

“मंग ठीक आहे,” म्हणाले, आणि खुर्चीत बसून गार झालेला चहा हळूहळू पीत राहिले.