शेवंताबाईंचा अठरा मे

धरणगावच्या पितांबर मास्तरांचा बँड तीन तालुक्यांत नावाजलेला. मास्तर स्वतः ट्रम्पेट वाजवायचे. अठरा मे १९८१ ला हा बँड पहिल्यांदा वरातीपुढे चालला, आणि तेव्हापासून मास्तरांनी नेम धरला: या तारखेला बँड वाजलाच पाहिजे. लग्नतिथी असली तर वरातीत; नसली तर संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या पारावर, फुकट. पंच्याऐंशी साली तर भर वावटळीत वाजवलं. डोळ्यांत धूळ गेली, सूर मोडले, पण थांबले नाहीत.

सराव मास्तरांच्या अंगणात चाले. त्यांची बायको शेवंताबाई चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकायच्या. एकदा दुसरा ट्रम्पेटवाला रुपचंद कडवं संपल्यावर चुकला, तर आतून आवाज आला, "रुपचंदभाऊ, तठे नही! आजून दोन ठेका थांबा."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं. बाईंचं बरोबर होतं. मग नवीन गाणं बसलं की ते दाराशी येऊन विचारू लागले, "कसं वाटनं?" शेवंताबाई पिठाच्या हातांनीच मान हलवत.

ब्याण्णवच्या होळीनंतर मास्तरांना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. पाण्याचा घोट ओठांत राहत नव्हता, तिथं ट्रम्पेट कुठून वाजणार? दोन महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बँडमधली माणसं धुळ्याच्या दुसऱ्या बँडात जायचं बोलू लागली. त्या अठरा मेला मात्र पिंप्राळ्याचं लग्न आधीच घेतलेलं होतं. नकार कळवायला जाण्याआधी रुपचंद घरी आला.

"वहिनी, गाणं कधी बदलायचं, कुठं थांबायचं, हे मास्तरांशिवाय कोण सांगणार?"

"मी उभी ऱ्हासू पुढे," शेवंताबाई म्हणाल्या.

"बाईमाणूस वरातीपुढे? लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. शब्द जड, बोबडे होते. "जाऊ दे तिले. तिले बठ्ठं पाठ शे, एकेक गानं."

पिंप्राळ्यात शेवंताबाई नेहमीच्याच लुगड्यात उभ्या राहिल्या. गळ्यात फक्त मास्तरांची शिट्टी. नवरदेवाचे काका मोठ्यानं म्हणाले, "बँड सांगितला होता, भजनी मंडळ नाही!" माणसं खो खो हसली. बाईंनी हात वर केला. रुपचंदनं घाईनं सूर लावला, ढोल मागे राहिला. त्यांनी शिट्टी मारून सगळं थांबवलं. पदर खोचला. पुन्हा हात वर केला, आणि या वेळी बँडची वीसही माणसं एकदम निघाली. दुसऱ्या वळणावर नवरदेवाची आजी नाचायला उतरली. मग काकांनाही उतरावंच लागलं.

त्या घरी आल्या तेव्हा मास्तर भिंतीला टेकून बसले होते. होळीपासून पहिल्यांदाच.

"सांग," ते म्हणाले.

शेवंताबाईंनी खाटेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरत एकेक गाणं सांगितलं. एका ठिकाणी मास्तरांनी डावा हात उचलला.

"तठे घाई व्हयनी."

"व्हयनी खरी," म्हणत त्या हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

बँड टिकला. पुढच्या वर्षी तिथी नव्हती, म्हणून पारावर वाजलं. शेवंताबाईंनी मास्तरांना धरून आणलं आणि त्यांच्या डाव्या हातात बँडमधला खुळखुळा दिला. मास्तर रागावले. ट्रम्पेट वाजवणाऱ्यानं खुळखुळा हलवायचा? त्यांनी तो मांडीखाली ठेवला. बाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या गाण्याला खुळखुळ्याचा आवाज आला. बाईंनी मुद्दामच मागे वळून पाहिलं नाही.

शहाण्णवच्या अठरा मेला धुळ्यात लग्न होतं. मास्तर आता शेवटच्या रांगेत पाय ओढत चालायचे. शेवंताबाई सगळी गाणी संथ निवडायच्या. नवरदेवाचे वडील अधीर झाले. "बाई, पाय उचला. मुहूर्त टळेल!"

"पाऊण तास आहे, नाना. मी भटजींना विचारून घेतलंय."

पण मास्तरांनी ते ऐकलं. आपल्यामुळे वरात रेंगाळते हे त्यांना लागलं असावं. ते रांगेतून बाहेर पडले आणि एका पानटपरीच्या बाकड्यावर बसले. रुपचंदला म्हणाले, "तुमी चाला."

शेवंताबाईंनी शिट्टी मारली. "टपरीसमोर गोल करा," त्या म्हणाल्या. बँड तिथंच उभा राहून वाजवू लागला. वऱ्हाडाला नाचायला ऐसपैस जागा मिळाली, ते खूश. टपरीवाल्यानं मास्तरांना पाणी दिलं. दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं तसे मास्तर बाकड्याला हात टेकून उठले, खुळखुळा घेतला आणि चालत थेट पहिल्या रांगेत, शेवंताबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"चाल," ते म्हणाले. मग वरात निघाली.