निरोपाचं गाणं आणि भाकरीची थाप

आमच्या संदीपच्या अहिराणी सिनेमात आवाजाचं काम माझ्याकडे होतं. सिनेमा दोन तासांत संपतो, पण त्याच्यामागचे किस्से सांगायला बसलं की टपरीवाला कंटाळून दुकान बंद करतो!

संदीप डायरेक्टर, गाव म्हसावद. सिनेमा शिकायला पुण्याला निघाला त्या सकाळी आप्पांशी, म्हणजे वडिलांशी, कडाक्याचं भांडण झालं. पठ्ठ्या भरलं ताट सोडून उठला. आप्पा ओट्यावर बसून होते, थांबवायला उठले नाहीत. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं मायमार्फत! आप्पांनी सिनेमा एकदा बघावा, एवढीच त्याची इच्छा होती.

*

व्हिलनच्या एन्ट्रीला संदीपला काठी गावच्या आदिवासी होळीचा मोठा ढोल हवा होता. गावकऱ्यांनी घाबरून पळायचं, असा सीन. मी स्पीकरवर ढोल लावला आणि सगळे गोल धरून नाचायला लागले!

"कट! अरे, घाबरा ना!" संदीप ओरडला.

घाम पुसत एक पावरा आदिवासी काका म्हणाले, "साहेब, होळीचा ढोल हाय. पाय ऐकत नाय."

मागे बघतो तर व्हिलनही नाचत होता. शेवटी त्याची एन्ट्री आम्ही बिनआवाजाची केली. भीती आपोआप आली.

*

लग्नाच्या सीनला गाणी म्हणणाऱ्या शहाद्याच्या बाया बोलावल्या. आमच्याकडे लग्नात व्याह्याला गाण्यातून यथेच्छ शिव्या घालतात. बायांनी स्क्रिप्टमधलं नाव सोडून व्याह्याचं काम करणाऱ्या पाटील सरांचं खरं नाव घेतलं. वर त्यांचं टक्कल, त्यांची फटफटी, काही म्हणता काही सोडलं नाही!

सर भडकले, जाब विचारायला लागले. "मन्हं नाव काब्र लिधं?"

"मंग व्याही कसाले व्हयना?" बायांनी उलट विचारलं.

सर रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले. संदीपने गुपचूप कॅमेरा तिकडे वळवला. सरांचा अख्ख्या सिनेमातला अभिनय म्हणजे तो रुसवा.

*

हिरो घर सोडतो त्या सीनला मी व्हायोलिन लावलं होतं. संदीपच्या मायला दाखवलं.

"पोऱ्या घर सोडस तधळ घरमा हाई वाजस का?" माय म्हणाली.

"मग काय वाजतं?" मी विचारलं.

शेवटी आमच्या खानदेशच्या कानबाई देवीला निरोप देतानाचं गाणं तिनेच म्हणावं असं ठरलं. माईक लावला, तर तिच्या तोंडातून शब्द फुटेना.

"हात रिकामा शेतस, गानं कसं येई?"

चूल पेटवली, पीठ दिलं. भाकरी थापता थापता माय अशी गायली की माझेच डोळे भरून आले. नंतर गाण्यातून थापेचा आवाज काही केल्या निघेना. संदीप म्हणाला, "राहू दे."

*

पहिला शो म्हसावदच्या मंगल कार्यालयात ठेवला. आप्पा आले! "पाच मिनिटं बसस," म्हणत दाराजवळची खुर्ची धरली. ढोलाला हसले नाहीत, पाटील सरांच्या रुसव्यालाही नाही.

मग तो सीन आला. हिरोने ताट सरकवलं, बॅग उचलली. मागे मायचं गाणं आणि भाकरीची थाप. संदीप पडद्याकडे बघतच नव्हता, त्याची नजर दाराकडे होती.

आप्पा उठले.

"चालना मन्हा बाप सिनेमा सोडीसन," संदीप माझ्या कानात पुटपुटला.

आप्पा दाराकडे वळलेच नाहीत. उभ्यानेच, पडद्यावरच्या पोराला, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले,

"अरे पोऱ्या, जेईसन जाय ना!"