मम्बो-जम्बोचं दार

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ऑफिसच्या मेंटेनन्सवर तर त्याहून नाही. त्यामुळे सर्जापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगीत, चौथ्या मजल्यावर, भर दुपारी सव्वातीनला जे झालं ते मी आधी मेंटेनन्सवरच ढकललं होतं...

मीटिंग रूम्सना नावं द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. आफ्रिकेतल्या मंत्रतंत्रातून इंग्रजीत शिरलेले शब्द मी निवडले — मोजो, म्हणजे ताईताची पुरचुंडी. झॉम्बी, ज्याचा मूळ अर्थ म्हणे देव किंवा आत्मा. आणि बिनखिडकीच्या खुराड्याला मम्बो-जम्बो, म्हणजे अर्थहीन बडबड. मीटिंगला आणखी काय नाव द्यायचं?

त्या दुपारी आत तिघंच होतो. मी, मॅनेजर सुनंदाक्का — चार पिढ्या बंगळुरात मुरलेली मराठी बाई — आणि गाम्बियाहून आलेला लामिन. क्लायंटचा डेटा उडाला होता. लामिनने उडवला, असं मी मेल करून कळवलं होतं. उडवला मी होता. त्याची नोकरी जाणार, पाठोपाठ व्हिसा... सगळं कळत होतं, तरी मी टेबलाकडे बघत बसलो.

अक्काने लामिनपुढे राजीनाम्याचा कागद सरकवला आणि ती उठली. दार उघडेना. कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला, दार ढिम्म. बाहेरून अकरा जण ओढत होते. मेंटेनन्सचा मंजुअण्णा स्क्रू काढता काढता कानडीत ‘स्वल्प, स्वल्प’, म्हणजे ‘जरासं, जरासं’, करत होता. एसी बंद पडला. हवा अशी घट्ट झाली, की चमच्याने खावी.

लामिन तेवढा निवांत. खोलीला हे नाव कुणी दिलं, त्याने विचारलं. मी, म्हटलं. मग तो सांगू लागला. त्यांच्या मांडिंका लोकांत हा शब्द बडबडीचा नाहीच. पूर्वी घरात भांडण पेटलं, की झाडाच्या सालीचा वेष घातलेला मुखवटेवाला रानातून यायचा. सगळ्यांनी गोलात उभं राहायचं. निघून जायची मुभा कुणालाच नाही. मग तो दोषी माणूस वेचून काढायचा.

“त्याला कसं कळायचं?” मी विचारलं.

“त्याला नाही कळलं तरी चालतं. गोलातल्या एकाला ठाऊक असतंच.”

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी नक्की खोटं बोललो असतो.

“अक्का, डेटा मी उडवला.”

खट्... दार आपोआप उघडलं. बाहेर मंजुअण्णा कुलूप हातात घेऊन उभा. दहा मिनिटांपूर्वीच काढलं होतं म्हणाला. मग वाजलं काय?

“तुझं नंतर बघते,” अक्का मला म्हणाली. “आधी तो कागद फाड की.”

माझं प्रमोशन गेलं. लामिन राहिला. दार इंजिनिअरांनी दोनदा तपासलं, काही सापडलं नाही.

हे आज मी त्याच खोलीत बसून लिहिलं. संपवून उठलो, तर दार उघडेना. परत बसलो. पहिल्यापासून वाचून काढलं.

त्या दिवशी दाराबाहेर अकरा जण नव्हते. एकटा मंजुअण्णा ओढत होता.

खट्.