आचाऱ्याचा डावा पाय आणि चार वाजताचा बॅकअप

सदर व्यक्ती: स्त्री, वय चोपन्न, पद मापन-नोंद सहायक, अनुभव बावीस वर्षे, चष्मा आहे, शिस्तभंगाची कारवाई नाही. कर्तव्ये: ग्राहकाच्या प्रत्येक पायाचे एकतीस ठिकाणी मोजमाप घेणे, त्याची संगणकीय नोंद करणे व सदर नोंदीच्या सुरक्षिततेबाबत वेळोवेळी योग्य ती दक्षता घेणे. दक्षतेचा तपशील पुढीलप्रमाणे: कॉम्प्युटर सोमवारी सकाळी बंद पडला.

कारखान्यात त्यांना मापमावशी म्हणतात. कारखाना म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत पाय मोजतात, मधल्या खोलीत त्या पायाचा लाकडी साचा कोरतात आणि मागच्या खोलीत साच्यावर जोडा चढवतात. दुकानातले जोडे ज्यांच्या पायांकडे पाठ फिरवतात, अशी माणसं इथं येतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाची टाच आपली वेगळीच दिशा धरलेली. मावशी स्टुलावर बसून तो पाय मांडीवर घेतात, फीत लावतात, आकडे पाटीवर लिहितात, पाटीवरून कॉम्प्युटरमध्ये भरतात आणि पाटी पुसतात. बावीस वर्षांत पाटी पुसायची एकदाही राहिलेली नाही. नेमकं हेच त्या सोमवारी नडलं.

वर्षापूर्वी त्यांची लेक चार दिवस राहायला आली तेव्हा तिने साबणाच्या वडीएवढा एक ड्राइव्ह आणून कॉम्प्युटरला जोडून दिला होता.

"रोज चार वाजता आपोआप कॉपी होईल, आई. तुला काही करायचं नाही. फक्त कोणते फोल्डर हवेत, त्यांच्यापुढच्या चौकटीत खूण कर."

फोल्डर तीन होते: 'पूर्ण', 'चालू' आणि 'नातवाचे फोटो'. मावशींनी विचार करून 'पूर्ण'वर खूण केली, विचार न करता नातवावर केली, आणि 'चालू' सोडून दिला.

"हा का नाही?"

"त्यातली कामं अजून व्हायचीत."

लेकीची गाडी सुटायला अर्धा तास होता. तिने कपाळाला हात लावला आणि बॅग उचलली.

मावशींचं वागणं वेडेपणाचं नव्हतं, शिकवणुकीचं होतं. कारखान्याचे मूळ कारागीर मास्तर, आता वय अठ्ठ्याहत्तर, अजून रोज अकरा ते एक येऊन बसतात आणि इतरांच्या चुका बघतात. त्यांचा नियम आहे की अर्धवट जोडा कपाटात ठेवायचा नाही. कपाटात गेलेला जोडा झाल्यासारखा वाटतो आणि मग तो कधीच होत नाही. अर्धवट काम टेबलावर, डोळ्यांसमोर. मावशींच्या लेखी ड्राइव्ह हे कपाट होतं. त्यामुळे ज्यांच्या पायांत जोडे होते अशा एकोणीसशे माणसांची मापं दोन ठिकाणी सुरक्षित राहिली, आणि जी जोड्यांची वाट बघत होती त्यांची एकाच ठिकाणी.

ते एक ठिकाण सोमवारी टकटक आवाज करून गप्प झालं.

कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला आला, त्याने डब्याला डॉक्टरसारखा कान लावला आणि डॉक्टरसारखीच मान हलवली. "यातून काही निघणार नाही. बॅकअप असेल ना?"

"आहे," मावशी म्हणाल्या. "पण ज्यांचं काम झालंय त्यांचा."

कॉम्प्युटरवाला दुसरं गिऱ्हाईक वाट बघतंय असं सांगून निघून गेला.

"किती जण होते त्या चालूमध्ये?" मागच्या खोलीतून टाचवाला आला. त्याचं काम टाचा बसवण्याचं, आणि मधल्या वेळात बोलण्याचं.

"अकरा."

"मग दहा जणांना परत बोलावू. सांगू, पाय वाढलेत का बघायचंय."

"दहा कशाला? अकरा."

"अकरावा समुद्रात आहे, मावशी."

मावशी स्टुलावर बसल्या, तेही गिऱ्हाइकाच्या. अकरावा म्हणजे मालवाहू जहाजावरचा आचारी. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड. जोड्यात पुठ्ठ्याच्या घड्या घालून तो दिवसाला बारा तास शेगडीपुढे उभा राहायचा, आणि आता गुडघ्याने तक्रार सुरू केली होती. जहाज बंदरात असताना अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून तो माप देऊन गेला होता. "जहाज डोलायला लागलं की सगळेच माझ्यासारखे चालतात," तो म्हणाला होता. "अडचण जमिनीवर येते." जहाज पुढच्या बुधवारी परत येणार होतं, तेही दुपारपासून संध्याकाळपर्यंत. त्यानंतर सात महिने नाही. जोड्याला आठ दिवस लागतात, आणि त्याच्या साच्याचा नंबर त्याच सोमवारी होता.

"जहाजावर कळवा, कुणीतरी माप घेऊन पाठवेल," टाचवाला म्हणाला.

"आणि घेईल कोण? दोर मोजणारा माणूस? घोट्याखाली तीन आकडे चुकले तर तो जोडा नाही, शिक्षा होते."

मावशींनी लेकीला फोन लावला. बोलायचं होतं ते सांगून झाल्यावर त्या रडायच्या बेतात होत्या, पण लेकीने तेवढी सवड दिली नाही.

"आई, ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितलास?"

"बघायचं काय त्यात? मी खूण केलीच नव्हती."

"तरी बघ."

"जे ठेवलंच नाही ते कपाटात शोधू?"

"चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधतेस ना? मग हेही शोध. मी फोन धरून आहे."

बिलं छापायचा कॉम्प्युटर दारापाशी होता. टाचवाल्याने वायर जोडली. मावशी लांबच उभ्या राहिल्या, लहान मुलाला टोचताना आया उभ्या राहतात तशा. पडद्यावर एक खिडकी उघडली.

"पूर्ण," टाचवाल्याने वाचलं. "नातवाचे फोटो. बापरे, हे तर एकोणीसशेपेक्षा जास्त आहेत."

"पुढे वाच."

"चालू."

"चेष्टा करू नकोस हं."

"मी कशाला चेष्टा करू? अकरा नावं आहेत. शुक्रवार, चार वाजता. हा बघा तुमचा आचारी. डावा पाय, सत्तावीस मिलिमीटर आखूड."

फोनमधून लेक ओरडली, "सापडलं? आई? आई, बोल की!"

मावशींनी पडद्यावरचे बासष्ट आकडे बोट लावून वाचले, वरून खाली, आणि पुन्हा खालून वर. मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरची बिलं हलली.

"पण ही खूण केली कुणी?"

"मी," मास्तर म्हणाले. ते केव्हा आले ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुम्ही? तुम्ही कॉम्प्युटरला हात लावता?"

"तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात. पडद्यावर ती यादी आली होती. दोन चौकटींत खूण, एक रिकामी. मी आयुष्यात मापाच्या कागदावर रिकामी चौकट सोडलेली नाही. रिकामी चौकट म्हणजे कुणाच्या तरी पायाचं काहीतरी मोजायचं राहिलंय. म्हणून भरली."

"ती कसली यादी आहे ते माहीत होतं का?"

"नाही. मोजायचं राहिलं तर काय होतं, ते माहीत होतं."

"आणि तुमचा नियम?" टाचवाला म्हणाला. "अर्धवट काम कपाटात नाही?"

मास्तरांनी त्याच्याकडे, सुताराने वाकड्या फळीकडे बघावं तसं बघितलं. "तो नियम जोड्याचा आहे. माप अर्धवट नसतं. घेतलं की पुरं होतं."

हे त्यांनी वर्षापूर्वी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मावशींच्या मनात आलं. पण ज्या माणसाच्या बोटाने अकरा माणसं वाचली त्याला लगेच टोमणा मारू नये, एवढा पोच त्यांना होता. टोमणा त्यांनी गुरुवारपर्यंत राखून ठेवला.

आकडे मधल्या खोलीत गेले आणि साचा त्याच दुपारी कोरायला घेतला. आठवडाभर टाचवाला वेळेवर आला, आणि एका दिवशी तर न बोलता काम करताना आढळला. डावी टाच त्याने दोनदा काढून तिसऱ्यांदा बसवली.

आचारी बुधवारी तीनला आला. मावशींनी जोडे स्वतः त्याच्या पायांत चढवले, अंगठ्यापाशी दाबून बघितलं, घोट्यापाशी बोट फिरवलं.

"कुठं लागतंय का?"

"नाही."

"चाला."

तो खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, परत आला, मग पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला त्याने खाली बघायचं सोडून दिलं.

"मावशी, खरं सांगू? समुद्रावर रोज वाटायचं, माझं माप या लोकांकडून हरवलं तर?"

"आमच्याकडे मापं हरवत नाहीत," मावशी म्हणाल्या.

मागच्या खोलीत टाचवाल्याला जोराचा खोकला लागला. त्या दिवशी एकला घरी न गेलेल्या मास्तरांनी त्याला पाणी दिलं.

जहाज संध्याकाळी सहाला सुटलं. आचारी जुने जोडे स्टुलाखालीच विसरून गेला होता.