विरळ हवेची भाषा

गॅदरिंगसाठी लेकीला मिशी चिकटवताना स्पिरिट गमचा तो उग्र वास नाकात चढला आणि मी थेट कोल्हापुरातल्या नाट्यगृहाच्या रंगपटात जाऊन पोचले. कॉलेजात असताना मी एका दूरच्या ग्रहावरचं नाटक लिहिलं होतं आणि तिथल्या लोकांसाठी अख्खी भाषा रचली होती. त्या ग्रहावर हवा विरळ, म्हणून शब्द आखूड आणि सगळे घशातून यायचे. तिथल्या एका आईचं काम मीच करत होते. तोंडाला निळा रंग फासून मी तयार होते, तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाले, "हितल्या लोकांना काय कळणार हाय त्यातलं? सरळ मराठीत बोल, न्हायतर पुढच्या नाटकात दिसू नको." मग रंगमंचावर पृथ्वीवरचे शिपाई माझं मूल ओढून न्यायला लागले, तेव्हा मी माझ्याच भाषेत ओरडले. सगळं थिएटर गार. मी तीच ओळ पुन्हा म्हटली, आणखी मोठ्यानं. तशी मागच्या रांगेतली एक बाई उभी राहून कडाडली, "अरं, दे की तिचं पोरगं तिला, मुडद्या!" पडदा पडल्यावर दिग्दर्शक तणतणत आले, "त्या ओळीचा अर्थ काय, ते तरी सांग." मी म्हणाले, "मागच्या रांगेला विचारा." पुढच्या नाटकात मला घेतलं नाहीच. आता त्याच ग्रहावरची माझी कादंबरी छापायला चाललीय, आणि शेवटी शब्दार्थ द्या म्हणून प्रकाशक मागं लागलेत. न्हाय देणार.