जऊळक्याची चाकं

माझा नातू पुण्याला असतो आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला जातो. दीड महिना झाला, त्याचं टायर निवडणंच चाललंय. परवा मी सहज म्हटलं, "रुंद टायर म्हणजे चांगला टायर असं नसतं रे." तर म्हणतो, "आजोबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" मला काय कळतं! सतराव्या वर्षी आसेगावहून जऊळक्यापर्यंत मी चाक मांडीवर घेऊन गेलोय. त्याच्याकडूनच हा ब्लॉग उघडून घेतला आणि आता लिहायला बसलोय. वाचेल तर वाचेल.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि राज्य मध्यप्रदेशाचं होतं. मी नारायणमामाकडे राहायचो. मामाला शंकरपटाचं, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीचं, भारी वेड. शर्यतीचा हलका छकडा मामा हाकायचा आणि बैल मी सांभाळायचो. डावीकडे बादल, उजवीकडे पाखऱ्या. पाखऱ्याला मी वासरू असल्यापासून वाढवलेलं, त्यामुळे तो माझाच, असं मी धरून चालायचो. मागच्या पटात आम्ही थोडक्यात हरलो आणि सगळ्या गावाने पारावर बसून निकाल दिला की दोष चाकांचा. म्हणून संक्रांतीच्या आधी जऊळक्याच्या कादरभाईकडून नवी चाकं आणायचं ठरलं. जुनं उजवं चाक नमुन्याला सोबत न्यायचं, ही अक्कल माझी.

सकाळच्या सर्व्हिस मोटारीला आम्ही उभे राहिलो. टपावर कापसाचे बोजे लादलेले, म्हणून चाक आत घ्यावं लागलं. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट लागते."

"काहून?" मामाने विचारलं.

"जागा खाते ना ते."

"मंग त्याले शीट तरी दे!"

त्याने चाकाचं अर्धं तिकीट फाडलं आणि सीट काही दिली नाही. वाशीमपर्यंत ते चाक माझ्या मांडीवर. रस्ता म्हणाल तर नुसता फुफाटा. एका नाल्यात आम्हाला उतरून मोटार ढकलावी लागली, ढकलणाऱ्यांत चाकाचे पैसे भरलेला मीही होतो. त्यात भर म्हणजे सल्ले. चाक दिसलं की प्रत्येकाला कंठ फुटतो. एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "धाव जाड घ्या, बापू." धाव म्हणजे चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. मागून दुसरा ओरडला, "जाड कायले? पातय घ्या, हवेवानी पयते!" दोघांपैकी एकाकडेही छकडा नव्हता, हे नंतर कळलं. असल्या लोकांचा मला आजही संताप येतो, आणि आता तर ते इंटरनेटवरही भेटतात.

वाशीमला भजी बरी मिळाली, चहा मात्र गुळाचं गरम पाणी. रेल्वेच्या बाबूने चाक काट्यावर चढवायला लावलं, दोनदा. गाडी दोन तास उशिरा आली आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. जऊळक्याला उतरलो तेव्हा दुपार कलली होती.

कादरभाईचं काम स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, एका लिंबाखाली चालायचं. लाकूड आणि लोखंड दोन्ही कामं करणारा माणूस, पन्नाशीचा, बोलायला अगदी कंजूष. त्याच्या बायकोने आधी भाकरी आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या, मगच चाकाकडे बघायचं असा तिथला नियम होता.

चाक कसं निवडायचं ते मी तिथे शिकलो, म्हणून सांगून ठेवतो. ओलं चाक कधी घेऊ नये. पाण्यात भिजलेलं लाकूड फुगतं, आज घट्ट वाटतं आणि महिन्याभरात आरे खुळखुळतात. एकेक आरा टिचकी मारून ऐकावा, बसका आवाज आला तर चाक परत करावं. आणि रिकाम्या जमिनीवर चाक नुसतं सोडून द्यावं. चांगलं चाक डुगडुगत नाही, कंटाळा आल्यावर आडवं होतं.

आमचं जुनं चाक कादरभाईने सोडलं नाही. मांडीवर घेऊन त्याने धावेवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "उजव्या अंगाचं हाय ना हे?"

"हो," मामा म्हणाला.

"एकाच कडेनं झिजलं, पाहा. गाडी तिरपी घासत चालते. चाकाचा दोष नाई, नारायणराव. तुमचा उजवा बैल खांदा चोरून राह्यला. औंदा त्याले पटात नेऊ नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने पाखऱ्याला डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तो तीस मैलांवर बसून लोखंडाच्या पट्टीवरून त्याला नावं ठेवतो! मी म्हणालो, "बैल ठणठणीत हाय. तुमाले चाक द्याचं नसन त तसं सांगा."

मामा माझ्याकडे वळला. "खरं सांग. लंगडते काय तो?"

"नाई."

"पोरगा बैलासंग निजते, कादरभाई. त्याले ठाव नाई त कोनाले असन?"

कादरभाईने माझ्याकडे बघितलं. "पोरगा म्हनते त ठीक हाय. चाक देतो."

आता इथे ते लिहितो जे तिथे बोललो नाही. पाखऱ्या लंगडायचा. सकाळी गोठ्यातून निघताना पहिली दहा-बारा पावलं तो उजवा पाय उचलून टाकायचा. मग मोकळा व्हायचा. मामा उठायच्या आत मी त्याला नाल्यापर्यंत फिरवून आणायचो, रोज, दोन महिने. कळलं असतं तर मामाने त्याला बाजार दाखवला असता.

दुसऱ्या दिवशी धावा चढवल्या. गोवऱ्यांच्या आगीत लोखंड लाल झालं, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवलं, वरून पाणी. लाकूड करकरलं आणि सांधे आवळले गेले. पट्टी ना जाड, ना पातळ. आमच्या पटाची जमीन कशी आहे हे विचारूनच त्याने ती निवडली होती. चाकं सोडून पाहिली तर अंगणाच्या टोकापर्यंत सरळ गेली. परतताना मोटारीच्या नादी लागलो नाही. वाशीमच्या बाजाराला जाणाऱ्या एका गाडीवर आणि पुढे दुसऱ्या गाडीवर असं करत दुसऱ्या संध्याकाळी घरी पोचलो. तुम्हाला वेळ असेल तर तसंच जा. अंग मोडतं, पण कुणी तिकीट फाडत नाही.

पटात पहिली फेरी आम्ही सहज मारली. चाकांचा आवाजसुद्धा येत नव्हता. दुसऱ्या फेरीत निम्म्या वाटेवर पाखऱ्याचा खांदा गेला आणि तो गुडघ्यांवर आला. छकडा उलटला नाही. चाकं जागच्या जागी थांबली, एक आरा हलला नव्हता.

मामा उतरला. त्याने पाखऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. तोवर माणसं गोळा झाली होती. मामा उठला आणि मोठ्याने म्हणाला, "चाकानं दगा देला. त्या जऊळक्यावाल्यानं खराब चाक देलं."

पाखऱ्याने पुन्हा जू घेतलं नाही. मामाने त्याला विकलंही नाही, मरेपर्यंत दारात बांधून चारा घातला. पण चाकाची गोष्ट तो प्रत्येक पटात सांगत राहिला. आमच्या बाजूच्या छकडेवाल्यांनी जऊळक्याला जाणं सोडलं. दोन वर्षांनी कादरभाई काही कामाने आसेगावच्या बाजारात आला, तेव्हा मामा भर बाजारात त्याच्यावर ओरडला. तो ऐकत उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन त्याने एवढंच विचारलं, "बैल कसा हाय?"

मी म्हणालो, "बरा हाय," आणि मान वळवली.

मामाने मला वाचवलं, मला न विचारता वाचवलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने भरली. या गोष्टीचा राग मी कंडक्टरवर काढला, रेल्वेवर काढला, आता नातवावर काढतोय. मामा गेला, कादरभाई केव्हाच गेला. त्याची मुलं-नातवंडं कुठे असतील तर त्यांनी हे वाचावं. बैल लंगडा होता आणि मला ते माहीत होतं. चाकं उत्तम होती.